मालक या रकान्यात

एप्रिलमध्ये व्हांगानुईत फिजोआ कुणी विकत घेत नाही.
रात्रभर टपटप पडत राहतात, हिरवी, कोंबडीच्या अंड्याएवढी.
सकाळी दाराशी पिशवी असते, पिशवीला नाव नसतं.
दुपारी तीच पिशवी आपण दुसऱ्याच्या दाराशी ठेवतो
आणि पळतो.

या पळापळीला शिस्त लावावी म्हणून
मी ॲप करायला घेतलं.

पहिल्या पडद्यावर आमची टेकडी,
चार रस्ते, घरांचे करडे चौकोन,
झाड असेल तिथे हिरवा ठिपका.
मग रकाने: काय आहे, किती आहे, मालक कोण.
"किती"च्या पुढे मी किलो लिहिलं होतं.
मॉइरा गिलख्रिस्टनं, वय एक्क्याऐंशी,
चष्मा कपाळावर ढकलून विचारलं,
"माझी टोपीभर आहेत. यात टोपी कुठंय?"
सेफा म्हणाला, आमच्या आईकडे तारो मोजत नाहीत,
येणाऱ्याचे हात केवढे ते बघतात.
घरी येऊन किलो खोडले.
मूठभर, टोपीभर, बादलीभर,
आणि सगळ्यात खाली
"कृपा करून सगळंच न्या."
झुकिनीच्या दिवसांत लोक थेट खालीच बोट नेतात.

तारेही ठेवले होते, पाच.
रिपेकाच्या रुबार्बला कुणीतरी तीन दिले.
आठवडाभर ती कुंपणापाशी फिरकली नाही.
तारे काढले.

मॉइरा ते रिपेका चारशे दहा मीटर, असं ॲप सांगे.
मॉइरा हसली. कुंपणाला फट आहे, अकरा पावलं.
मांजरानं पाडलेली,
माणसांनी हळूहळू रुंद केलेली फट.
ती कोणत्या नकाशात असणार?

सतरा नंबरात ओवेन प्रॉबर्ट राहायचा.
ऑगस्टमध्ये गेला, लिंबं ऐन भरात असताना.
त्याचा ठिपका हिरवाच राहिला, खाली बारीक अक्षरात:
"ओवेन, शेवटचा दिसला बावन्न दिवसांपूर्वी."
ही ओळ मीच लिहिली होती,
कुठल्याशा रात्री, कॉफी पीत, सगळ्यांसाठी सारखी.
आधी ती काढली.

त्या खाली तीन मागण्या.
मालकाच्या होकाराची वाट पाहत आहोत.
वाट पाहत आहोत.
वाट पाहत आहोत.
छोटं चाक गोल फिरतंय
आणि कुंपणापलीकडे फांदी
वजनानं गवताला टेकलेली.

पर्थला त्याच्या मुलीला फोन केला.
ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली,
"बाबांना लिंबू आवडायचंच नाही.
झाड आमच्या आधीच्या लोकांनी लावलेलं.
कोण होते, देव जाणे.
बाबा नुसते पाणी घालायचे."

रात्री मालकाचा रकाना मोकळा ठेवून पाहिला.
लाल चौकट आली: हे भरणं आवश्यक आहे.
"आवश्यक" हा शब्द मीच कधीतरी घातला होता,
काही विचार न करता, सवयीनं.
खोडायला एक ओळ पुरली.
खोडायला बसलो तेव्हा मात्र दोन वाजले.
आता तिथे विचारतो, पाणी कोण घालतं?
आणि त्याखाली, शिडी कुणाकडे आहे?

रविवारी सेफानं शिडी आणली.
खाली मॉइरा, टोपी उलटी धरून,
आणि रिपेका तिला सांगतेय, सरक, डोक्यात पडेल.
कुणाच्याही हातात फोन नव्हता.
मी माझा खिशातच ठेवला.

सोमवारी माझ्या दाराशी पिशवी.
लिंबं, पानांसकट. नाव नाही.
ॲपमध्ये दोनदा शोधलं, कसलीच नोंद नाही.
दोषांच्या यादीत हा एकशे चौदावा.
अजून उघडाच ठेवलाय.