पंचनामा, जोगणीचा डोह

रात्री सव्वादोनला बार झाला.
पाण्यात फुटलेला बार कानाआधी
तळपायाला कळतो.
उठलो, बॅटरी घेतली, शिट्टी घेतली,
आणि सोसायटीचं रजिस्टर.

काठी घ्या, बायको दरवेळी म्हणते.
पण काठीवर शिक्का नसतो.
पाणी पाटबंधाऱ्याचं, वाळू तहसीलची,
काठ पाटलांच्या केळीचा,
आणि मधले मासे तेवढे आमचे,
पुलाच्या सातव्या खांबापासून
बंधाऱ्याच्या दारांपर्यंत,
पाच वर्षं, ठेका भरून.
भोयांच्या त्रेचाळीस घरांनी भरला.
त्यात सुपडाबाईच्या पाटल्या आहेत,
ते रजिस्टरात नाही.

डोहावर पोचलो तेव्हा
पांढरी पोटं वर करून मासे
भोवऱ्यासोबत सावकाश फिरत होते.
खवल्या, दोन वाम,
बोटाएवढी पिल्लं, ज्यांना अजून नाव लागत नाही,
आणि रोहूची एक मादी, अंड्यांनी तट्ट.
आषाढात आम्ही जाळी खुंटीला टांगतो
ती हिच्यासाठी.
जेवढे वर येतात त्याच्या तिप्पट
तळाला बसतात.
ते चोरालाही मिळत नाहीत.

तो पळाला नव्हता.
खडकावर बसून ओली विडी पेटवत होता,
डाव्या हाताने.
उजवा मनगटाशीच संपतो.
हिलाल धुडकू शिवदे,
सभासद क्रमांक एकोणतीस, वर्गणी थकीत.
एकेकाळी त्याचं फेकजाळं
पाण्यावर पडायचं ते परातीसारखं गोल,
पोरं बघायला यायची.

मागचा ठेका बाहेरच्या व्यापाऱ्याने नेला.
ती पाच वर्षं आमच्यातले निम्मे
दोंडाईच्याकडच्या गिट्टीखाणीवर होते.
हिलाल तिथे जिलेटिन शिकला
आणि तिथेच हात ठेवून आला.

मी शिव्या जमवत होतो.
तो म्हणाला,
"एक हातघाई जाळं फेकाई नही जात, भो.
बार फेकाई जास."

मग आम्ही दोघे उजाडेपर्यंत बसलो.
बोललो नाही फार.

अकराला नंदुरबारहून साहेब आले.
मालाचे वर्णन: मासे, मृत, सतरा किलो.
अंदाजे किंमत: मुद्देमाल उन्हात असल्याने कमी.
मी विचारलं, पोटातल्या अंड्यांचं?
म्हणाले, तो रकाना नाही.
हिलालला विचारलं, सही येते का?
"येत होती."
मग शाईचं डबडं पुढे सरकवलं.

संध्याकाळी ओट्यावर सभा.
कुणी म्हणालं, नाव काढा. कुणी म्हणालं, पाय मोडा.
एकाने माझ्याकडे बघत विचारलं,
शिट्टी वाजवायला किती हात लागतात?
हसले काही जण. सुपडाबाई हसली नाही.
निर्णय पुढच्या सभेवर गेला,
जसा आमचा प्रत्येक निर्णय जातो.

घरी येऊन राखणीच्या पाळ्या लिहिल्या.
गुरुवारची रात्र कुणी घेत नव्हतं.
तिथे एकोणतीस लिहिलं,
पेन्सिलने.

आणि साहेब यायच्या आधीच
त्या मादीचं पोट मी हलकेच दाबलं होतं,
गुडघाभर पाण्यात उभा राहून.
अंडी राजगिऱ्यासारखी हातावरून गेली.
नराविना त्यांचं काही होत नसतं,
हे भोयाच्या पोराला कुणी सांगायला नको.
हिलाल बघत होता. बॅटरी त्याने धरली होती,
उजाडलं होतं तरी.