चार थाऊ कागद

पंप आला चादरीत गुंडाळून,
मूल दवाखान्यात आणावं तसा.
डॉक्टर हत्तुरे स्वतः डोळ्यांचे.
म्हणाले, गाडी अडतीस सालची, दोनच माणसांची,
होटगी रोडच्या गोदामात आजोबांपासून उभी.
चालू केली की तेलाचा काटा उठतो,
दहावर टेकतो
आणि झोपतो.

नान्नांनी काहीच विचारलं नाही.
झाकणाला सहा बोल्ट, सहाही वेगळ्या जातीचे.
"आधी कोण हात मारलालता बे हिला?"
पंपालाच विचारलं.
आत दोन दातेरी चाकं, एक फिरवणारं, एक फिरणारं.
एकाचे दात शाबूत.
दुसऱ्याचे, उखळात दाण्यांऐवजी तेच कुटून
कुणी चटणी केल्यासारखे.

शोधायचं काम माझं. नान्नांना इंग्रजी नको असतं,
तेलुगूत हिशेब, मराठीत भांडण,
बाकीचं जग मी लिहिते.
एका परदेशी म्हाताऱ्यानं कळवलं,
होता माझ्याकडे, मार्चमध्ये विकला, क्षमा असावी.
दुसऱ्यानं फोटो पाठवला,
किंमत आमच्या लेथच्या दीडपट.
तिसऱ्याचं पार्सल कस्टममधून सोडवलं,
भुश्यातून वर काढलं, तर डावरा निघाला.
उलट फेऱ्याचा. जिथून ओढायचं तिथून ढकलणारा.
नान्ना इतके हसले की शेजारच्या प्रेसवाला
काय झालं म्हणून बघून गेला.
तो पंप आता पावत्यांवर ठेवते,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.

रशीदभाई अत्तारांच्या भंगारात
यंत्रमागाची चाकं पोत्यानं होती.
दिसायला सख्खी भावंडं,
दातात दात मात्र बसेना.
आपल्या चाकांचं माप मिलिमीटरचं, तिचं इंचाचं.
तीन दिवस गेले.
चौथ्या दिवशी नान्ना माळ्यावर चढले,
गंजलेला डबा घेऊन उतरले.
गिरणी बंद पडली तेव्हा टूलरूमच्या लिलावात
किलोच्या भावानं घेतलेले कटर,
वीस वर्षं त्यांचा आकडा कुणाच्या उपयोगाचा नव्हता.
इंग्रजी माग गेले, मुकादम गेले,
भोंगा गेला,
त्यांचं माप डब्यात राहिलं होतं.

दहा दात. प्रत्येक दाताला नान्नांनी श्वास धरला.
मी दहा वेळा.

मग खरी चोरी सापडली.
झाकणाखालचा जुना कागद सोलून निघाला,
तेलानं काचेसारखा पारदर्शक.
त्यावर अर्धी अक्षरं: "…च्या ज्येष्ठ कन्या",
खाली "आगमनाभिलाषी",
कुणाचं नाव नाही, तारीख नाही.
कुणा मेस्त्रीनं हाताशी आली ती
लग्नपत्रिका कापून बसवली होती.
मायक्रोमीटर लावला. अकरा थाऊ.
"एवढ्या फटीतनं तेल कुठं चढंल?
आल्या वाटेनं परत जातंय."

हिशेब सोपा. चाकं अंगावर एक थाऊ वर,
कागद चार, उरले तीन.
तीन थाऊत इंजिनाचा जीव.
त्या दुपारी आम्ही घरातला कागद मोजत बसलो.
कॅलेंडर, सात.
नान्नांचं गिरणीचं हजेरीकार्ड, चौदा,
ते मोजून त्यांनी काही न बोलता परत खिशात ठेवलं.
पंचांग दोन, पुसट, फाटकं.
वीजबिल:
बरोबर चार.
कात्रीनं नाही, झाकणाच्या कडेवर
गोल हातोडीनं टिचक्या मारत कापलं,
आत व्हॅसलीन भरलं, सहा बोल्ट एका जातीचे.

गोदामात गाडीनं आधी धूर ओकला.
काटा उठला. दहा. तीस. पन्नासला थांबला,
गरम झाल्यावर चाळीस,
आणि चाळीसच राहिला.
डॉक्टर चष्मा पुसत होते.
नान्ना म्हणाले, "उगं उभी ठेवू नका. फिरवा."

बिलाची मुदत दुसऱ्या दिवशीची होती.
मी उरलेलं तेवढंच घेऊन रांगेत उभी राहिले,
मधोमध पंपाच्या आकाराचं भोक, कडेला सहा छोटी.
खिडकीतल्या बाईंनी बिल उजेडाकडे धरलं
आणि भोकातून
कितीतरी वेळ
माझ्याकडे पाहिलं.