भूमिकेसाठी गाडी

यंग्सटाउन, ओहायो. फेब्रुवारी.
हुडाकबाईंच्या भंगाराच्या आवारात
साडेतीनशे गाड्या बर्फात बसलेल्या
आणि मी वही घेऊन त्यांतली खुनी शोधतेय.

जुना सिनेमा नव्याने करायचा आहे.
त्यातली गाडी काळी होती, लांबलचक,
दिव्यांना भुवया असाव्यात अशी.
तशी नको, वेंडेल म्हणतो, तिला बघूनच लोक पळतात.
वेंडेल दिग्दर्शक आहे. एकतीस वर्षांचा.
त्याला गाडी चालवता येत नाही.

पहिली लाल, दोन दारांची, बॉनेटवर नाकपुड्या.
भुंकणारी आहे, चावायची नाही.
मग एक पिकअप, मागे अजून गवताच्या काड्या,
चेहरा इतका कष्टाळू
की माणूस चिरडून वर माफी मागेल.
शववाहिका पाहून वेंडेलचे डोळे चमकले.
मी म्हटलं, ही नेहमी नंतर येते,
हिला घाई ठाऊकच नाही.
एक विजेवरची होती, डाव्या अंगाने चेपलेली.
आवाज नाही, चाहूल नाही.
पण ती ऐकते कुठल्यातरी दूरच्या ऑफिसातलं.
सांगकाम्याला खुनी म्हणायचं का,
यावर आम्ही कॉफी गार होईपर्यंत भांडलो.

इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात.
गाड्या मीठ खातात, मग मीठ गाड्यांना खातं,
दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, पोटाचा पत्रा.
आमच्याकडे खाल्ल्या मिठाला जागतात,
मी हुडाकबाईंना सांगितलं.
त्यांनी एका दाराच्या भोकात बोट घातलं, पार मुळापर्यंत,
आणि म्हणाल्या, हिनं वीस वर्षं खाल्लं. बघ.

वेंडेलचा घोर वेगळाच:
गाडीला राग का येतो, ते दाखवायचं का?
शाप, रक्त, कुणाचा तरी आत्मा?
माझ्या भाषेत नाही दाखवावं लागत.
गाडीनं उडवलं, म्हणतो आम्ही. ट्रकनं चिरडलं.
दिनकरमामा मिरज रोडला गेला
तेव्हा पेपरात चार ओळी होत्या.
कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी.
कर्त्याला दहा चाकं.
ड्रायव्हर वाक्यात कुठेच नव्हता.

आणि नवी गाडी दारात आली
की आपणच तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतो.
हळदकुंकू, पेढे, मग हळूच पुढे,
फच्च.
सगळे टाळ्या वाजवतात.
पहिल्याच दिवशी तिला काय शिकवलं,
कुणी विचारत नाही.
वेंडेलनं हे लिहून घेतलं.
इथे लिंबू म्हणजे सतत बिघडणारी गाडी,
त्यामुळे त्याला नेमकं काय कळलं, देव जाणे.

ती सगळ्यांत शेवटी सापडली, कुंपणाला टेकून.
फॅमिली व्हॅन. फिकट बदामी,
म्हणजे साक्षीदाराला रंग विचारला
तर तो आधी छताकडे बघेल असा.
काचेवर शाळेच्या बँडचा स्टिकर, अर्धा खरवडलेला.
कप्प्यात एकच लोकरी हातमोजा,
लहान, डाव्या हाताचा.

हीच, मी म्हटलं.
हुडाकबाई किल्ली देईनात. ही विकायची नाही.
मग आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.
आल्या तेव्हा किल्ली धुतलेली होती.
मागची सीट पुसू नका, एवढंच म्हणाल्या.
पैसे मोजले नाहीत.

बॅटरी बदलून मीच चालवत आणली.
मार्केट स्ट्रीटला पट्ट्यांपाशी एक म्हातारा,
हातात काठी आणि औषधांची पिशवी.
मी थांबले.
काचेवर ऊन होतं, मी त्याला दिसत नव्हते.
त्यानं हात वर केला, दिव्यांकडे बघून हसला,
आणि सावकाश, अगदी नाकासमोरून, निघाला.

ब्रेकवर माझाच पाय होता.
तरी मी वाकून एकदा पाहिलं.