शून्य ते दहामध्ये किती

इरिया विचारते, 'शून्य ते दहामध्ये किती?'
मी म्हणतो, सहा.
खरं तर आठ. पण ती माझ्या धाकटीहून लहान
आणि तिच्या दोन अंगठ्यांना
माझ्या कुऱ्हाडीपेक्षा जास्त धार.

पोंत द सोरमध्ये, बेकरीच्या माडीवर तिची खोली:
एक पलंग, रबरी पट्ट्या, छताच्या कडीतून दोरी,
आणि एक मोकळी भिंत.
खालून पावाचा वास येत राहतो,
मी भिंतीवर बोटं चढवत राहतो
खेकड्यासारखी, एक, मग दुसरं.
थांबतील तिथे ती पेन्सिलीने रेघ मारते, तारीख घालते.
बेचाळीस वर्षं झाडांवर चढलो,
आता भिंतीवर. तेही बोटांनी.

झाड म्हणजे बुचाचा ओक.
नऊ वर्षांतून एकदा त्याची साल काढायची
आणि उघड्या लाल खोडावर पांढऱ्या रंगाने
साल लिहायचं. फक्त शेवटचा आकडा.
कुऱ्हाड किती आत जावी, ते कानाला कळतं:
सुटायला आलेली साल पोकळ वाजते.
तिच्या आतल्या थराला आम्ही आई म्हणतो.
आईला घाव बसला
की तिथे पुन्हा नीट साल धरत नाही.

गेल्या जुलैत मी पडलो तेव्हा फ्लोरिव्हाल खाली होता.
म्हणाला, तुझा खांदा सुटत्या सालीसारखा वाजला.
मला गाडीत घालून दिलं, परत गेला,
झाड पुरं केलं, त्यावर चार लिहिला.
मला त्याचं वाईट वाटलं नाही.
वाटलं.

एव्होराच्या डॉक्टरांनी पट्टी बसवली, सहा स्क्रू पिळले
आणि हात वर केले.
मला तर तेवढंही करता येईना.
झुल्मिरा शर्ट घालून द्यायची,
आधी दुखरी बाही, मग डोकं,
तान्ह्या पोराला घालतात तसा.
फेब्रुवारीत फ्लोरिव्हालची आई गेली.
खांदा द्यायला चौघं पुढे झाले,
मी टोपी हातात घेऊन मागून चाललो.
कुणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

'दुखेपर्यंत जायचं,' इरिया सांगते,
'दुखण्याच्या पलीकडे नाही.'
'मधली जागा ओळखायची कशी?'
'आणि हे तुम्ही मला विचारताय?'
तिचा बापही सालवाला होता, हे मला तेव्हा आठवलं.
मग डोळे मिटले. खांद्याला कान दिला.
आत काहीतरी करकरत होतं, 
दाराच्या बिजागरीला असतो तसा जुना आळस,
आणि त्याच्याही खाली
एक जागा, जिच्यावर घाव घालायचा नव्हता.
तिथे थांबलो. रेघ दोन बोटं वर गेली.

विम्याच्या वीस फेऱ्या संपल्या, तोवर जून.
मुकादम म्हणाला, आकडे लिहायला येतोस?
डबा आणि ब्रश. पोरासोरांचं काम.
नाही म्हणालो.
तीन दिवस अंगणात कोंबड्यांवर डाफरलो
आणि चौथ्या दिवशी गेलो.

ओढ्याकडच्या झाडांवर माझे पाच छातीशी आहेत.
चढणीवर हनुवटीशी.
विहिरीजवळच्या दोन झाडांवर पुन्हा खाली,
आदल्या रात्री कुशीवर झोपलो होतो त्या हातावर.
मुकादम ओरडतो: एका ओळीत काढ की रे,
दारू प्यायल्यासारखे काय!
मी मान डोलावतो. 
गेल्या वर्षीच्या चारपाशी रंग वाळल्याचं निमित्त करून
जरा उभा राहतो, थुंकतो, पुढे जातो.
शेवटच्या रांगेत पाच कपाळाच्या वर गेलाय,
जरासा तिरका, पोट फुगलेला.

झुल्मिरा दारातच रागावते,
बाही काखेपर्यंत पांढरी झालीय.
हात वर धरला की रंग आत ओघळतो,
त्याला मी काय करू?
'आता हा शर्ट तूच काढ,' ती म्हणते
आणि भाजी ढवळायला आत जाते.
काढतो.
वेळ लागतो.