बिनफुलाचा

कुडाळच्या एमआयडीसीत, नऊ नंबरच्या शेडमध्ये
बाबा चमच्यांना झिलई द्यायचा.
चिंध्यांचं चाक, हिरव्या पॉलिशची वडी,
आणि रात्री जेवायला बसला की
नाकपुड्यांच्या कडेला दोन काळ्या रेघा,
कितीही धुतल्या तरी.

तेव्हा चमचा म्हणजे दांड्यावर गुलाब,
गुलाबाला तीन पानं, टोकाला मोत्यांची माळ.
ती माळ घासताना बोटं सोलायची.
रुखवतात असलेच चमचे मांडत
लाल मखमलीत झोपवून,
मग कपाटात, कुलपात, कायमचे.

मग ती बाई आली. फ्रेनी दारूवाला.
कपाळावर घाम, काखेत ड्रॉइंगची नळी.
कागदावर एकच रेघ होती.
दांड्यापासून निघते, मानेशी जरा बारीक होते
आणि न थांबता वाटी होते.
बस.

विश्राम मेस्त्री, म्हणजे माझा बाबा,
कागद उलटा करून बघू लागला.
मागेही काही नव्हतं.
"फूल खंय? गिऱ्हाईक इचारतला."
फूल नाही, ती म्हणाली.
"मगे चमचो नागडो दिसतलो."
त्यावर ती, तिच्या मोडक्या मराठीत:
"बांगडा काय कपडा घालून येते?"
शेडमधले सगळे हसले. बाबा सोडून.

पहिला ठोक चुकला. दुसराही.
वेलबुट्टीत ओरखडा लपतो,
सपाट पोलादात त्याला जागाच नाही.
ट्यूबलाइटखाली चमचा धरायचा;
दांड्यावर तिची पांढरी काठी सरळ पडली तर ठीक,
वाकली की बाई नुसती मान हलवायची.
शंभरातले एकसष्ट परत चाकावर.
बाबा घरी येऊन भिंतीला टेकायचा:
"काय नाय ता करूक किती येळ लागता!"

नंतर तिने बारा चमचे सुतळीत ओवून
निवतीच्या जेटीला बांधले, खाऱ्या पाण्यात,
चाळीस दिवस.
राखणीला झिलू केळुसकर, पगार रोज एक विडी.
अकरा परत आले.
बारावा माणसाने नेला की माशाने,
हे झिलूला शपथेवर सांगता येईना.
बाबाने शेवाळ अंगठ्याने पुसलं.
दहा कोरे.
एकावर तांबूस ठिपका, मोहरीएवढा.
बाईने तेवढाच रुमालात बांधून नेला.

एकदा ती आमच्याकडे जेवली.
चमचे करणाऱ्याच्या घरात चमचा नव्हता.
आईने परसातलं फणसाचं पान आणलं,
दुमडलं, हिराच्या काडीने टाचलं
आणि पेजेच्या वाडग्याशी ठेवलं.
बाईने ते उचललं, फिरवलं,
देठाकडून पाहिलं, टोकाकडून पाहिलं,
पिशवीतून व्हर्नियर काढला.
पेज निवली, वर साय धरली.
"गे बाय, जेवतस काय मापतस?"
आई खरंच रागावली होती.
बाईने अजून एक पान मागितलं.

ते चमचे विकले गेले नाहीत.
सावंतवाडीच्या दुकानदाराने पेटी परत पाठवली,
वर चिठ्ठी: माल अर्धवट दिसतो.
चौऱ्याऐंशीत शेडमध्ये पुन्हा गुलाब उमलले,
सत्त्याऐंशीत शेडला टाळं.
आमच्याकडे राहिला एक नापास काटा,
मधला दात अर्ध्या सुताने आखूड.
आई त्याने कालवं उघडते.
म्हणते, असा दुसरा मिळत नाही.

आता वेंगुर्ल्याच्या रिसॉर्टात, समुद्राकडच्या टेबलावर
सगळे चमचे बिनफुलाचे,
कुठल्या कुठल्या देशातून आलेले, हलके, पातळ.
मी एक उचलते, दिव्याकडे धरते.
दांड्यावर उजेड मधेच लचकतो.
वेटर धावत येतो,
"मॅडम, खराब आहे? बदलून देऊ?"
नको म्हणते.
त्याच्या खांद्यावरून निवतीचा दिवा दिसतो,
विझतो, परत दिसतो.
सोलकढी येईपर्यंत मी चमचा
अंगठ्याने पुसत बसते.