दोष या रकान्यात

दारूखान्यात, जहाजं तोडणाऱ्यांच्या गल्लीमागं,
पत्र्याच्या शेडमध्ये आमचं टेबल आहे, गोल, फिरतं.
त्यावर सकाळी साडेनऊला पंचवीस वाट्या,
एकेका मुलखाच्या पाच.
लोबो साहेबांचा दंडक: दूध नाही, साखर नाही, बोलणं नाही.
चार मिनिटं थांबायचं. मग वर धरलेला थर
चमच्याच्या पाठीनं मोडायचा,
नाक इतकं जवळ की मिशा भिजाव्यात, ते म्हणतात.
माझी चमकी भिजते.

आणि मग फुरका. मोठ्यानं.
घरी याच आवाजासाठी पाठीत धपाटा बसायचा,
इथं त्याचा पगार आहे.

पहिल्या महिन्यात सगळं एकच लागलं: कडू.
दुसऱ्या महिन्यात कडूचे दोन झाले,
कारल्याचं एक, करपल्या भाकरीचं एक.
आता बाबाबुदनच्या डोंगरावरचा दाणा आला
की जीभ आपसूक शेंगदाण्याच्या कुटावर जाते.
कूर्गचा, जिथं सावलीच्या झाडांवर मिरीचा वेल चढलेला असतो,
गिळून झाल्यावर घशाशी जरासा टोचतो.
साहेब म्हणतात, मिरीचा आणि चवीचा काही संबंध नाही.
नसेल.
माझ्या घशाला कुणी तसं सांगितलेलं नाही.

सुमात्रा म्हणजे माठाच्या तळाचं पाणी.
केनियाचा आंबट, पण कुठला आंबट?
ओल्या कोकमाची बी चोखून टाकल्यावर
गालाच्या आत जो मागं राहतो, तो.

इथिओपियाच्या फॉर्मवर छापलेलं होतं
जाई, बर्गमॉट, ब्लूबेरी. खूण करा.
ब्लूबेरी मी तोवर पाहिलेली नव्हती.
बाजूला पेननं लिहिलं: करवंद.
पिकलेलं, उन्हात तापलेलं, देठाला चीक असलेलं.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला, वाटी पुन्हा फुरकली,
आणि कागद तसाच परदेशी धाडला.
तिकडून विचारणा आली, करवंद म्हणजे काय?
आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

काल अराकूचा एक लॉट होता.
जुनं पीक, दोन पावसाळे गोदामात अडकलेलं,
कुठल्याशा कागदावर सही राहिली म्हणून.
ताजा असताना तो चिकूसारखा गोड, असं फायलीत होतं.
मी थर मोडला.
ताग. दमट पोतं. खारी हवा, गंजका पत्रा,
आणि पार मागं कुठंतरी चिकू,
दार लावून बसलेला.

आमचे दादा गोदीत टॅली क्लार्क.
बत्तीस वर्षं पोती मोजली,
खडूच्या चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
कॉफी घरात कधी आली नाही, चहासुद्धा गुळाचा.
पण संध्याकाळी शर्ट खुंटीवर गेला
की दहा बाय बाराच्या खोलीत हाच वास,
भातावर, वह्यांवर, आईच्या केसांत.
ते गेल्यावर शर्ट वाटून टाकले.
वास कुणी मागितला नाही.

मुंबईत कॉफी पिकत नाही.
बाकी मुलखांना डोंगर आहेत, फुटांत उंची आहे,
साहेबांच्या नकाशावर टाचणी आहे.
आपल्याकडं पिकतं ते नुसतं थांबणं,
आणि तेही दाण्याला लागतं.

“काय म्हणतो अराकू, तांडेल?”
फॉर्मवर दोष असा एक रकाना आहे.
त्यात लिहिलं: पोतं. चार गुण वजा.
साहेबांनीही चारच वजा केले होते.

थुंकायला प्रत्येकाला एक स्टीलचा डबा मिळतो,
पंचविसाव्या वाटीपर्यंत माझा अर्धा भरतो.
काल जरा कमी भरला.
सगळे जेवायला गेल्यावर
मी त्या पाच वाट्या बसून प्यायले.
पार गार झाल्या होत्या.
गार झाल्यावर चिकू थोडा पुढं आला होता.