एक ते सात

घाटंजीच्या पुढे, शाळेमागचं मैदान.
सागाचे दोन खांब, भोयर सरांनी स्वतः तासलेले.
पलीकडच्या वावरात तुरीच्या गंज्या.
मी पिशवीतून बारा प्रश्नावल्या काढते, बारा पेन्सिली.

डोळे मिटा. उद्याचा सामना बघा.
किती स्पष्ट दिसतो?
एक म्हणजे काहीच नाही,
सात म्हणजे समोर चालू आहे असा.

मोनाली गेडाम सगळीकडे सात लिहिते,
गणितात पैकीच्या पैकी मिळावेत तसे.
हर्षाली विचारते, हरलेलं दिसलं तं लिवाचं का?
लिही, तसा प्रश्न आहेच, सतरावा.
ती खोडरबर मागते.

आणि तनुजा कुमरे, पाचव्या चौकोनात बसणारी,
तिच्या कागदावर एक, एक, एक,
खाली सहीपर्यंत एक.
"मॅडम, मले काहीच नाही दिसत.
डोये मिटले का अंधार.
पाठीले समजते फक्त."
काय समजतं?
"कोन येऊन राह्यलं थे.
हर्षाली धावते तं माती दोनदा वाजते.
मोनालीचा खो तं
तोंडातून निंघाच्या आंगोदर
माह्या खांद्यात येऊन बसते."

अकरावा प्रश्न: स्वतःला बाहेरून पाहता की आतून?
ती हसली. "सोताले कायले पाहू?
खेळ तं मांगून येते."

पाठीसाठी रकाना नव्हता.
समासात लिहिलं, मग वाटलं, हे मोजायचं कशात,
आणि तिथेच पेन्सिलीचं टोक मोडलं.

फोनवर मार्गदर्शक म्हणाले, तो फॉर्म वगळा,
सरासरी खाली ओढतोय.

संध्याकाळच्या सरावात
मोनाली अजून दोन पावलं लांब,
हात हवेत,
आणि तनुजा उठलेली, पळत सुटलेली.
शिट्टी. फाउल.
"खो भेटाच्या आंधी उठतं कायले, पोरी!"
आठवड्यात चौथ्यांदा, भोयर सर म्हणाले,
वहीत त्यांनी चार फुल्या केलेल्या.
मी त्या फुल्या बराच वेळ पाहत राहिले.

शेवटची एसटी साडेसातला.
पोरी म्हणाल्या, बसा नं मॅडम एकडाव.
पाचव्या चौकोनात बसले, गुडघे कुरकुरले.
डोळे मिटले. मला सगळं दिसत होतं:
खांब, गंज्या, बारा वेण्या,
सहा तरी दिले असते मी स्वतःला.

मागे माती वाजली.
हात पडला पाठीवर.
कोणाचा, ते मला सांगता आलं नाही.